देवीचं नाव कसं बदलायचं?

आधीच सांगून टाकते, या गोष्टीतली सगळी नावं मी बदललीत. माणसांची बदललीच, देवीचंही बदललं. पुस्तक लिहिताना सासूच्या भाच्याला, गुरुदासला, ते जमलं नाही, मला जमलं. मी रामनगरच्या बाजारात वाढलेली, किराणा दुकानदाराची लेक. देवीला मी भिते, नाही असं नाही. पण देवी निदान पुरतं ऐकून तरी घेते, माणसं तेवढंही घेत नाहीत. गाव गुंदच्या पुढं रानात आहे, एवढं पुरे. आणि यातलं खरं किती, रचलेलं किती, ते मला विचारू नका. त्या एका प्रश्नापायी आमच्या घराची काय दशा झाली ती मी डोळ्यांनी बघितलीय.

फुला माझी सासू. मी तिला आत्ती म्हणते. तिच्या भावाचा मुलगा गुरुदास, तोही आत्तीच म्हणतो. आमच्याकडं सासूला आणि बापाच्या बहिणीला एकच हाक. बुटकी, सुकलेली बाई. कंद खणून खणून बोटं वाकडी झालेली. आणि आवाज एवढा बारीक की शेजारी बसलेल्यालाही कान पुढं करावा लागतो. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हिला बोलायलाच येत नाही. "आत्ती, जरा मोठ्यानं बोला की! ओठ बघून कळायला मी काय देव हाय?" असं मी म्हणायची. ती हसायची आणि तेच परत तितक्याच हळू सांगायची. माझं डोकं फिरायचं.

तिचा बाप कॅसलरॉकला रेल्वेत गँगमन. दिवसभर गाड्यांची धडधड, घाटात इंजिनाच्या शिट्ट्या. तिथं वाढलेल्या माणसानं खरं तर ओरडूनच बोलायला हवं. हिचं उलटं झालं. लग्न होऊन इकडं रानात आली, मुलगा महेश, म्हणजे माझा नवरा, रांगायला लागला आणि हिचा नवरा तापानं गेला. दीर घरात कर्ता झाला. लावणी हिनं करायची, मळणी हिनं करायची, डोंगरातून ओझी हिनं आणायची. पण कुठल्या शेतात काय पेरायचं हे कुणी हिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी हिचं ऐकू आलं नसतं म्हणा.

आता झरीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवाचं रान आहे. तिथं एक पानसुद्धा तोडत नाहीत. त्या रानात झरीमायचं देऊळ आणि देवळाच्या पाठीमागं झरी. चैत्र-वैशाखातही ती आटत नाही. सगळं गाव तेच पाणी पितं, भातालाही तेच. देवळाच्या खाली सपाट जमीन आहे, चार-पाच घरांची सामायिक. त्या जमिनीवर नागराजचा डोळा. नागराज दांडेलीकडचा, जमिनी जुळवून देतो. बोलणं असं की गूळ परवडला. तिथं रिसॉर्ट होणार, तलाव बांधणार, झरीचं पाणी पाइपानं तलावात घेणार. "पोरांना कामं मिळतील, तुम्हाला रस्ता मिळेल." पोरांना कामं पाहिजेतच, महेशही कुळगीला सफारीची जीप चालवतो, आम्हाला कळत नाही असं नाही. पण पाणी नेल्यावर प्यायचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही.

मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. देवळाच्या अंगणात गाव बसलं होतं. जमीन द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आत्तीनं दिराला सांगितलं होतं, ही जमीन गेली की पाणी गेलं. दीर म्हणाला, तू भाकऱ्या बघ. तिनं नारायण बुधवंतांना सांगितलं. बुधवंत म्हणजे आमच्या गावचा म्होरक्या. देवाचा मान त्यांच्याकडं आणि भांडणतंटाही त्यांनीच मिटवायचा. ते सरळ माणूस, पण तेही म्हणाले, बघू. आणि मग आरती सुरू झाली. आत्तीच्या अंगात देवी आली. केस सुटले, अंग कापायला लागलं, आणि देवी म्हणाली, माझ्या पाण्याला हात लावाल तर गाव उठवीन.

जमीन राहिली. दीर हात जोडून उभा राहिला.

तेव्हापासून फुला ही झरीमायची बाई झाली. गाय चुकली, पोर आजारी पडलं, सून नांदेना, की लोक आमच्या दारात. आत्ती त्याच बारीक आवाजात काहीतरी सांगायची आणि तीच माणसं आता वाकून, कान देऊन ऐकायची. वर्षाच्या जत्रेला देवी तिच्या अंगात यायची. सगळ्या तालुक्याला ठाऊक. नागराज दर दोन-चार वर्षांनी फेरी मारायचा आणि देवीच्या शब्दापुढं हात टेकून परत जायचा.

गुरुदास बेळगावात शाळेत मराठी शिकवतो. बुद्धीनं चांगला, मनानं त्याहून चांगला, पण शाळेबाहेरच्या जगात जरा बावळट. त्याला स्वतःचं आयुष्य लिहायचं होतं. आजोबांसारखीच बापाचीही रेल्वेतली नोकरी, घाटातलं बालपण, आईचं मरण. गेल्या सुगीला तो आठवडाभर आमच्याकडं राहिला आणि आत्तीच्या शेजारी बसून कंद सोलत होता. दोघं काय कुजबुजतात याकडं मी लक्ष दिलं नाही. आपल्या बापाच्या आठवणी सांगत असेल म्हातारी, असं मला वाटलं.

पुस्तक आलं. नाव सांगत नाही, उगीच खप वाढायचा. एक प्रत गुरुदासनं घरी आणून दिली, महेशनं ती टीव्हीच्या शेजारी ठेवली आणि कुणी उघडली नाही. रानातल्या घरात पुस्तक वाचायला सवड कुणाला असते? पण बेळगावच्या पेपरात त्याच्यावर चांगलं छापून आलं, कुणीतरी ते नागराजला दाखवलं, आणि नागराजनं मात्र पुस्तक वाचलं. अगदी बोट ठेवून वाचलं असणार.

एक दिवस शेजारची सुंदरी मोबाईल घेऊन धापा टाकत आली. "रक्षा, हे बग. गावाच्या ग्रुपवर आलंय." दोन पानांचे फोटो होते. पहिलं पान पुस्तकाच्या सुरुवातीचं. त्यावर छापलं होतं: 'हे आत्मकथन आहे. यातील प्रत्येक घटना खरी आहे. संबंधितांना त्रास होऊ नये म्हणून फक्त व्यक्तींची नावे बदलली आहेत.' दुसरं पान मधलं. तिथं गंगू नावाची बाई लेखकाला सांगते: त्या दिवशी झरीमाय माझ्या अंगात आली नव्हती. माझं कुणी ऐकेना, म्हणून मीच बोलले.

गंगू म्हणे! फुलाचं गंगू केलं, महेशचं सुरेश केलं, गावाचं नाव गाळलं, आणि देवीचं नाव जसंच्या तसं! झरीमाय ज्या बाईच्या अंगात येते ती बाई या तालुक्यात एकच आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये?

सुंदरी माझ्याकडं बघत होती. "खरं हाय काय गे?"

"मला काय म्हाईत? मी लिवलंय काय?" मी तिच्यावर खेकसले. ती तोंड पाडून गेली.

मी टीव्हीशेजारचं पुस्तक काढलं आणि आत्तीपुढं बसले. तिला वाचता येत नाही. मी पहिलं पान वाचलं, मग ते पान वाचलं. पुढंही होतं, जे ग्रुपवर आलं नव्हतं. गंगू म्हणते: त्यानंतर कधी देवी येते, कधी येत नाही. कधी मी असते आणि कधी ती, हे माझं मलाच कळत नाही. पण पहिल्या दिवशी ती नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मला वाटलं आत्ती रडेल, गुरुदासला शिव्या घालेल. ती मान हलवत होती. "बरोबर लिवलंय," म्हणाली. "असंच सांगितलेलं मी."

"अहो, काय बरोबर? गावात कळलंय सगळ्यांना!"

"माजं नाव घालू नको म्हटलं हुतं. न्हाई घातलं त्यानं. सबद पाळलान." मग मला म्हणाली, पहिलं पान परत वाच. मी वाचलं. "पर्तेक घटना खरी हाय असं लिवलंय न्हवं?"

"व्हय."

तिचा चेहरा असा मोकळा झाला होता, जसा मळणी संपल्यावर होतो. मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई काय घेऊन जगत होती, त्याचा मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दार ओस पडलं. पाण्यावर गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आत्तीच्या दिराची सून माझ्याकडं बघून हसली, आणि ते हसणं मी विसरणार नाही. नागराजची गाडी रोज गावात. तो कुणालाही वाईट बोलत नव्हता. फक्त म्हणायचा, "छापील हाय. भाच्यानंच लिवलंय, परक्यानं न्हाई. खरं म्हणून लिवलंय. मग देवीनं कधी न्हाई म्हटलं जमिनीला? कोण न्हाई म्हटलं?" याला उत्तर कुणाकडं होतं? शेवटी नारायण बुधवंत स्वतः आमच्या दारात आले. बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. "ऐतवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं," म्हणाले. "भाच्याला बोलवून घ्या. खरं काय, खोटं काय, मायपुढं ठरूं दे. ठरल्याबिगर जमिनीचं बोलणं व्हायचं न्हाई."

देवीपुढं सगळ्यांनी मिळून आपली अडचण मांडायची, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. आणि ज्यानं साक्ष द्यायची त्यानं झरीचं पाणी ओंजळीत धरून बोलायचं. ते पाणी हातात असताना खोटं बोललं तर घर बसतं, वंश बुडतो, असं इथं मानतात. मानतात कसलं, हाडात भिनलंय. पाण्याची घागर नुसती पुढं ठेवल्यावर माणसं चोरी कबूल करून मोकळी झालेली मी बघितलीत.

गुरुदास आदल्या दिवशी दुपारी रामनगरच्या बसनं उतरून आला. तोंड उतरलेलं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"भावजी, सगळ्यांची नावं बदलायची अक्कल होती, मग देवीचं कशाला ठेवलंत?"

तो खाली बघत होता. "प्रकाशक म्हणाले होते, वहिनी. तेही बदला म्हणाले. मी दुसरं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. हात थरथरायला लागला. झरीमायचं नाव खोटं कसं लिहायचं? तिच्याच पाण्यावर माझ्या आत्तीनं घर चालवलंय. देवीचं नाव कसं बदलायचं?"

"आणि माझ्या सासूचं वाटोळं करताना हात थरथरला नाही व्हय?"

"तिचं नाव मी लिहिलंच नाही ना!"

असा माणूस! रागवावं तरी किती? खरं तर इथला कुणीही हीच चूक करता. माझा नवराही करता.

महेश तिथंच बसला होता. तो आता बोलला. "गुरु, दुसरी पाटी लाव. पिक्चरच्या आधी लावतात बघ, यातलं सगळं काल्पनिक हाय, कुणाशी संबंध न्हाई. तसं छाप, चिठ्ठ्या चिकटव, आणि उद्या देवळात तेच सांग. मिटलं."

"काल्पनिक?" गुरुदास एकदम तडकला. "माझा बाप रुळावर पाय तुटून पडला होता ते काल्पनिक? आई गाडी चुकली म्हणून दवाखान्यात पोचली नाही आणि फलाटावर मेली, ते काल्पनिक? एका पानासाठी सगळं पुस्तक खोटं म्हणू? मग मी लिहिलं कशाला?"

"मग तेवढंच पान खोटं म्हण."

"एकच पान खोटं म्हटलं की लोक तेच पान खरं धरतात, महेश. तू धरणार नाहीस?"

महेशनं हातातला तांब्या आपटला. "आईची अब्रू जाते हाय! उद्या गाव थुकंल तिच्यावर. जमीन जाईल, पाणी जाईल, आणि तुझी पाटी खरी ऱ्हाईल. ऱ्हाऊं दे, गळ्यात बांधून हिंड!"

दोघं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. मी मधे पडणार तेवढ्यात आत्ती चुलीपुढून उठून आली. तिचं ऐकायला आम्हाला गप्प बसावं लागलं.

"कुणी कायबी पाटी लावू नका. उद्या मी सांगते. खरं हाय म्हणून."

"आत्ती, वेड लागलंय काय?" मी ओरडलेच. "लोक फोडून काढतील!"

"फोडूं देत. किती वर्सं देवीच्या नावावर जगू, रक्षा? लोक पाया पडतात तवा मला वाटतं, माज्या मागं कोन तरी हुबं हाय, तिच्या पाया पडालेत. मागं वळून बगते तर कोन न्हाई." ती थांबली. "जमिनीचंबी सांगते. देवी म्हणून न्हाई. फुला म्हणून. देऊ नका म्हणते."

"ऐकतील?" मी विचारलं.

"आता म्हातारी झाले मी. ऐकतील."

गुरुदास तिच्याकडं टक लावून बघत होता. मला रडू आवरेना म्हणून मी परसात गेले. घाबरले होते मी. बाईला गाव सोडावं लागेल, तिच्याबरोबर आम्हालाही, आणि नागराज खालच्या जमिनीत खांब रोवेल. दुसरं काही डोळ्यापुढं येतच नव्हतं.

ऐतवारी सगळं गाव देवळात. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे झरीच्या पाण्याची घागर. नागराज पुढच्या ओळीत. पुस्तक त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं, देवाची पोथी आणावी तसं. बुधवंतांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "माय, तुझ्या नावानं एक गोष्ट कागदावर आलीय. ती खरी तर तसं दिसूं दे, खोटी तर तसं दिसूं दे. तुझी लेकरं आंधारात हायत."

मग म्हणाले, "लिवणाऱ्यानं पहिल्यांदा बोलावं."

गुरुदास उठला. पायरीवर गेला, वाकला, ओंजळ पुढं केली. बुधवंतांनी पाणी ओतलं. त्याच्या बोटांतून ते गळत होतं. आत्ती माझ्या शेजारी बसली होती. ती शांत होती. तिची पाळी यायची ती वाट बघत होती.

"बोल. पुस्तकात लिवलंस ते खरं काय?"

गुरुदासनं डोळे मिटले.

"खोटं हाय," म्हणाला. "गंगू म्हणून कुणी बाई न्हाई. मला कुणी कायबी सांगितलं न्हाई. मी रचलं."

ओंजळीत अजून पाणी होतं. ज्या माणसाला देवीचं नाव कागदावर बदलवलं नाही, तो तिचं पाणी हातात धरून खोटं बोलत होता. शिक्षकी भाषाही सुटली होती त्याची, कॅसलरॉकचा पोर बोलत होता.

नागराज उभा राहिला. पिशवी फाडून त्यानं पुस्तक उघडलं. "मग हे काय छापलंय? पर्तेक घटना खरी हाय म्हणून?"

"तसं छापलं की लोक वाचतात."

"सगळंच खोटं? तुझ्या बापाचंबी?"

गुरुदासचा चेहरा पांढरा पडला. बोलला असता ना, बापाचं तेवढं खरं, म्हणून! पण मग नागराज विचारता, हे खरं आणि तेवढंच कसं खोटं? त्याला ते आदल्या दिवशीच कळलं होतं.

"सगळंच," म्हणाला.

"आनि मायचं नाव कशापाय घातलंस?" हे बुधवंतांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज चढला होता.

"जवळचं नाव सुचलं. घातलं."

पुरुषांत एकच गलका झाला. कुणी म्हणालं, हाकला त्याला. कुणी म्हणालं, ह्याच्या शाळेत जाऊन सांगा. कुणीतरी पायरीवरून त्याला खाली ढकललं, पाणी सांडलं. बुधवंतांनी हात वर केला. पुस्तकावरची खरेपणाची ओळ पुसून खोटेपणाची घालेपर्यंत आणि मायला दंडाचं जेवण देईपर्यंत गुरुदासनं देवळाची पायरी चढायची नाही, असं ठरलं. नागराजनं पुस्तक बंद केलं. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, देव भेटल्यासारखं वाटलं. वाचलो आम्ही.

आणि तेवढ्यात आत्ती उठली.

"खोटं बोलालाय त्यो!"

तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. गावातही कुणी ऐकला नव्हता. सगळं देऊळ दणाणलं. "मी सांगितलेलं त्याला! माज्या तोंडानं! माज्या अंगात न्हवती आली ती! मी बोललेली! मी, फुला!"

तिचा पदर पडला, अंबाडा सुटला. अंग थडथड उडत होतं. तो राग होता, नुसता राग. इतक्या वर्षांनी तिनं कुणाला तरी खरं सांगितलं होतं आणि त्यानं ते तिच्यादेखत खोटं करून टाकलं होतं. मला ते स्वच्छ दिसत होतं. पण माझ्या पलीकडं सुंदरीनं हात जोडले.

"माय आली गे," ती म्हणाली. "आपलं नाव बाजारात नेलं म्हणून रागावली माय."

बस्स. एकीनं म्हटलं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. ढोल सुरू झाला. बायका कुंकवाच्या कोयऱ्या घेऊन धावल्या. आत्ती ओरडत होती, "अगे, मी फुला! देवी न्हाई! फुला बोलते हाय!" आणि म्हाताऱ्या बायका तिच्या कपाळावर मूठमूठ कुंकू फासत म्हणत होत्या, "व्हय माय, फुलाच्या तोंडानं बोल. बोल माय."

जितकं ती ओरडे, तितका ढोल वाढे. मी तिला सावरायला धरलं, तर मलाच कुणीतरी मागं ओढलं, मायला हात लावू नको म्हणून. महेश हात जोडून उभा होता, डोळ्यांत पाणी. नागराजनंही हात जोडले. तो भ्याला होता खरा.

बुधवंत नारळ घेऊन पुढं आले. ढोल थांबला. "माय, चुकलं लेकरांचं. झरीखालच्या जमिनीचं काय सांगतीस?"

आत्ती धापा टाकत होती. तिनं आमच्याकडं बघितलं, एकेकाकडं. पायरीखाली गुरुदास बसला होता, त्याच्याकडं बघितलं. तिला सांगायचं होतं ते फुला म्हणून सांगायचं होतं. ते ऐकायला तिथं एकही माणूस नव्हतं.

"देऊ नका," ती तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली.

सगळे पाया पडले. नागराजची गाडी जेवणाच्या आधी गेली.

घरी येऊन मी तिचं तोंड धुतलं. कुंकू डोळ्यांत गेलं होतं. गुरुदास दारात उभा होता, पिशवी खांद्याला. तो आत येऊन वाकला. "आत्ती, जमीन राहिली. तुला कुणी काही म्हणणार नाही आता. नव्या प्रतींवर सगळं काल्पनिक म्हणून छापतो."

आत्तीनं पाय मागं घेतले.

"तुला एकट्याला सांगितलेलं रे मी," ती म्हणाली. "आज सगळ्यांना सांगितलं, तर देवी बोलते म्हणाले. आता मी कुणाला सांगू?"

गुरुदास उठून दाराकडं गेला. मी कुंकवाचं लाल पाणी परसात ओतून आले. अंगणात बायका जमायला लागल्या होत्या, कुणाची तरी पोर आजारी होती. आत्तीनं पदर सारखा केला आणि बाहेर गेली.